धनुष्य हवं, माणूस नको

इसवी सनापूर्वी चारशेच्या आसपास अथेन्समध्ये एका अपंग माणसाला नगराच्या पाचशे जणांच्या मंडळापुढे उभं राहून आपण खरोखरच अपंग आहोत, हे पटवून द्यावं लागलं. कमाईची ऐपत नसलेल्या अपंग नागरिकांना नगर रोज एक ओबोल भत्ता देत असे आणि त्या यादीची फेरतपासणी होत असे. कुणीतरी तक्रार केली होती: हा माणूस घोड्यावर बसतो, दुकान चालवतो, त्याच्याकडे चार लोकांची ऊठबस असते, याला भत्ता कशाला? लिसिअस या नामांकित लेखकाने त्याला लिहून दिलेलं भाषण आज उपलब्ध आहे. तो म्हणतो, घोडा उसना आहे, ऐपत असती तर खोगीर घातलेलं स्वतःचं खेचर ठेवलं असतं. लोक एक काठी घेतात, मी दोन घेतो; मग दोन काठ्या हेही धडधाकटपणाचं लक्षण म्हणा की. आणि मी एवढा धडधाकट असेन, तर आर्कन या अधिकारपदाच्या सोडतीत माझं नाव घाला आणि माझा ओबोल या तक्रारदाराला द्या, बिचारा तोच अपंग दिसतो.

आपल्याकडे ज्यांनी यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, खेटे घातले आहेत, त्यांना हे भाषण वाचताना अडीच हजार वर्षांचं अंतर जाणवणार नाही. हा माणूस दया मागत नाही, टोमणे मारतो. ऐकणाऱ्यांना हसवतो आणि हसवता हसवता त्यांना अडचणीत आणतो.

याच अथेन्सने त्याच्या थोडं आधी, इसवी सनपूर्व 409 मध्ये, सोफोक्लिसच्या ‘फिलॉक्टेटिस’ला नाट्यस्पर्धेत पहिलं बक्षीस दिलं होतं. नाटककार तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरात होता. भत्त्याची तपासणी करणारे आणि नाटक पाहणारे नागरिक एकाच नगरातले, काही तर तेच. म्हणून ‘प्राचीन ग्रीकांना अपंगत्वाची केवढी समज होती’ असा गहिवर मला येत नाही. ज्या ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावर आपण शोकांतिका शिकतो, त्यानेच ‘राज्यशास्त्रा’त व्यंग असलेलं मूल वाढवू नये असा कायदा सुचवला आहे. ग्रीक शोकांतिका आजच्या दिव्यांग नटांना जवळची वाटत असेल, तर ती दयाळू माणसांनी लिहिली म्हणून नव्हे.

शोकांतिका आणि दिव्यांग नट यांची सांगड घालणारे प्रयोग गेल्या चाळीसेक वर्षांत निरनिराळ्या देशांत झाले. त्यांच्याविषयी लिहिताना दोन वाक्यं हमखास येतात. एक, या कलाकारांनी जिद्दीने परिस्थितीवर मात केली. दुसरं, इतकं जुनं नाटक आजही आपलं वाटतं. दोन्ही वाक्यं सद्भावनेची आहेत आणि दोन्ही नाटकाच्या मुळावर येतात. पहिल्यात नट अदृश्य होतो, दुसऱ्यात नाटक. माझं म्हणणं असं आहे की, शोकांतिका करायला घेणाऱ्या सर्वसमावेशक नाटकमंडळीला एकच कसोटी लावावी: प्रेक्षकाला तिच्या नटाची भीती वाटली का?

‘भीती’ हा शब्द ॲरिस्टॉटलकडून घेतला आहे. त्याच्या मते शोकांतिका करुणा आणि भय जागं करते. करुणा वाटते ती नाहक संकटात सापडलेल्या माणसाबद्दल; भय वाटतं ते आपल्यासारख्या माणसावर संकट आलं की. मेख ‘आपल्यासारखा’ या शब्दात आहे. व्हीलचेअरवरचा नट रंगमंचावर आला, की त्याने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षागृहातून करुणेचा लोंढा येतो. ती नाटकाने कमावलेली नसते, प्रेक्षकाने घरून आणलेली असते. आणि हा माणूस आपल्यासारखा आहे असं प्रेक्षक मनोमन मानतच नाही, म्हणून भय मात्र येत नाही. निम्मी शोकांतिका तिथेच बाद. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, पण त्या टाळ्या इडिपसला नसतात. रंगमंचाच्या पायऱ्या चढून आल्याबद्दल असतात.

‘फिलॉक्टेटिस’ या नाटकाचा विषयच मुळी ही दया आहे. ट्रॉयला निघालेल्या ग्रीक सैन्यातल्या या धनुर्धराला वाटेत पायाला साप चावतो. जखम चिघळते, दुर्गंधी सुटते, त्याच्या ओरडण्यामुळे देवाला अर्घ्यसुद्धा शांतपणे देता येत नाही. ग्रीक सरदार ओडिसियस हे कारण पहिल्याच प्रवेशात एखाद्या कार्यालयीन अडचणीसारखं सांगतो. फिलॉक्टेटिस झोपलेला असताना त्याला लेम्नॉस बेटावर टाकून जहाजं निघून जातात. दहाव्या वर्षी भविष्यवाणी होते की, फिलॉक्टेटिसजवळच्या हेराक्लिसच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग ओडिसियस अकिलीसच्या कोवळ्या मुलाला, निओप्टोलेमसला, बरोबर घेऊन परत येतो. धनुष्य हवंय. माणूस हवाय का, यावर नाटकभर संदिग्धता आहे. एका टप्प्यावर धनुष्य हाती लागल्यावर ओडिसियस चक्क म्हणतो, आता तू राहा इथेच.

एस्किलस आणि युरिपिडीस या दोघांनीही याच कथेवर नाटकं लिहिली होती. त्यांच्यात कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा समूह, लेम्नॉसच्या रहिवाशांचा होता. सोफोक्लिसने रहिवासी काढून टाकले आणि बेट ओसाड केलं. नायक दिसण्याआधी तो आपल्याला त्याचं घर दाखवतो. निओप्टोलेमस गुहेत डोकावतो आणि जे दिसेल ते खाली उभ्या ओडिसियसला ओरडून सांगतो: पाल्याचं अंथरूण, कुण्या अनाडी हाताने कोरलेला लाकडी पेला, विस्तव पेटवायचं साहित्य, आणि उन्हात वाळत घातलेल्या पुवाने भरलेल्या चिंध्या. चार वस्तूंत एक संसार. पुढे फिलॉक्टेटिस सांगतो की तो धनुष्याने पारवे मारतो, दुखरा पाय फरफटत ते आणायला जातो, थंडीत लाकडं फोडतो, दगडावर दगड घासून जाळ करतो. म्हणजे जगण्याची सगळी कामं त्याला येतात. मग एक गोष्ट तो जाता जाता सांगतो, आणि माझ्या मते सगळं नाटक तिथे उभं आहे. कधीमधी वादळाने भरकटलेली जहाजं बेटाला लागतात. येणारे लोक हळहळतात, थोडं अन्न देतात, एखादं कापड देतात. घरी नेण्याचा विषय काढला, की कुणीच तयार होत नाही.

दिवाळीत फराळाची पाकिटं घेऊन संस्थेत जाणाऱ्या आणि तिथल्या मुलांच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चार-पाच ओळींचं निवेदन कसं ऐकवेल, याची कल्पना करा. त्यानंतर फिलॉक्टेटिस निओप्टोलेमसची विनवणी करतो: मला जहाजात कुठेही टाका, तळाशी, नाळेवर, पिछाडीला, जिथे तुमच्या लोकांना माझा त्रास कमीत कमी होईल तिथे. सबंध ग्रीक रंगभूमीवर मला इतकं अंगावर येणारं वाक्य क्वचितच आढळलं. नाट्यगृहात व्हीलचेअर कुठे लावायची याचं उत्तर आजही बहुतेक ठिकाणी हेच असतं: कडेला, म्हणजे कुणाला अडचण नको.

अशी भूमिका दिव्यांग नटाने केली म्हणजे काम फत्ते, असं मात्र नाही. उलट धोका तिथेच आहे. फिलॉक्टेटिस दिव्यांग नटाला देणं ही सगळ्यात सोपी पात्रयोजना आहे, कारण ती घरून आणलेल्या दयेला हवं तेच खाद्य देते. त्याला ओडिसियस द्या. ग्रीकांच्या रंगभूमीवर बोलणारे नट तीनच असत आणि मुखवटे बदलून सगळी पात्रं तेच करत. या नाटकात ओडिसियस, खोटं बोलणारा व्यापारी आणि शेवटी वरून अवतरणारा हेराक्लिस या तिन्ही भूमिका बहुधा एकाच नटाच्या वाट्याला येत. कारस्थान रचणारा, ते तडीस नेणारा हस्तक आणि मग तिढा सोडवणारा देव, तिघांचा आवाज एकच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या नटाला ही तीन पात्रं दिली तर काय होईल? बोलताना ज्याचे शब्द ओढले जातात, ज्याची मान वळते, तो माणूस रंगमंचावरचा सगळ्यात हुशार, सगळ्यात निर्दय आणि शेवटी सगळ्यात अधिकारी माणूस असेल. समोर पायाला चिंध्या गुंडाळलेला धडधाकट नट कळवळत असेल. प्रेक्षकाची दया कुठे जाऊन बसावी याचा गोंधळ उडेल. तो गोंधळ उडाल्याखेरीज त्याला नाटक दिसणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. नटाचं काम परकायाप्रवेशाचं. आंधळ्याची भूमिका आंधळ्याने, लंगड्याची लंगड्याने असा आग्रह धरला तर अभिनयाला अर्थ काय उरला? ग्रीक रंगभूमी तर या आग्रहाच्या उलट टोकाला होती. क्लायटेम्नेस्ट्रासारख्या राण्या पुरुष करत, म्हातारे तरुण करत, सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. हा आक्षेप कलेपुरता मला शंभर टक्के मान्य आहे, आणि म्हणूनच तो दोन्ही बाजूंनी लागू करावा असं वाटतं. शरीराचा आणि पात्राचा मेळ बसायची गरज नसेल, तर अंध नटी अँटिगनी का करत नाही? कर्णबधिर नट क्रेऑन का नसतो? परकायाप्रवेशाचा परवाना आजवर एकाच दिशेने वापरला गेला. धडधाकट नटाने अपंगाची भूमिका वठवली की त्याला पारितोषिकं मिळतात. उलटा प्रवास करायची संधीच निघत नाही. पात्रयोजनेचा हा प्रश्न कलेचा जितका आहे, त्याहून जास्त रोजगाराचा आहे. तो रोजगाराचा आहे असं म्हणायला आपण लाजतो आणि मग ‘अस्सलपणा’सारखे शब्द वापरून वाद घालत बसतो.

इडिपसचं उदाहरण घेऊ. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणलं, त्यामुळे कथा सांगत बसायला नको. जवळजवळ शेवटापर्यंत राजा डोळस आहे. तो अंध द्रष्ट्या टायरेसियसला हिणवतो की तू कानांनी, मनाने आणि डोळ्यांनीही आंधळा आहेस. समजा ही भूमिका पहिल्या प्रवेशापासून अंध नटाने केली. डोळस राजाच्या तोऱ्यात तो समोरच्याच्या अंधत्वाची टर उडवतो आहे. प्रेक्षकाला कळत नाही हसावं की खजील व्हावं. आणि शेवटी राजा डोळे फोडून बाहेर येतो तेव्हा नटाच्या शरीरात काहीच बदललेलं नसतं. बदललेलं असतं ते गावाचं त्याच्याकडे पाहणं. आंधळेपण म्हणजे शिक्षा, हे ग्रीक रूपक एवढ्या एका निवडीने खिळखिळं होतं, आणि संहितेतला शब्दसुद्धा बदलावा लागत नाही.

लॉस एंजेलिसच्या ‘डेफ वेस्ट थिएटर’ने 2022 मध्ये गेटी व्हिलाच्या खुल्या रंगमंचावर अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘इडिपस’ केलं. सांकेतिक भाषेतला इडिपस ही कल्पना मनात घोळवली तरी नाटकाची घडण बदलताना दिसते. हे नाटक म्हणजे एक चौकशी आहे: साक्षीदार बोलवायचे, ऐकायचं, उलटतपासणी करायची. सांकेतिक भाषेत ऐकायचं तर बोलणाऱ्याकडे पाहावं लागतं. नजर वळवली की साक्ष बंद. कुणाला गप्प करायचं तर त्याचे हात धरावे लागतात. शेवटाकडे इडिपस म्हणतो की, कानांचा ओघ बांधून घालता आला असता तर तेही केलं असतं, म्हणजे बाहेरचं काहीच आत आलं नसतं. बोलत्या-ऐकत्या राजाची ती नुसती इच्छा राहते. कर्णबधिर राजा डोळे फोडतो त्या क्षणी ती पुरी होते, कारण डोळ्यांबरोबर त्याची भाषाही जाते. सोफोक्लिसने हे लिहिलं नव्हतं, पण त्याच्या ओळीत हे मावतं.

याच इडिपसचं म्हातारपण ‘इडिपस ॲट कोलोनस’मध्ये आहे. नाटककाराच्या मृत्यूनंतर इसवी सनपूर्व 401 मध्ये ते त्याच्या नातवाने रंगमंचावर आणलं. लेकीच्या खांद्याचा आधार घेत आलेला आंधळा भिकारी, आणि शेवटी मरणाची हाक आल्यावर उठून एकटा चालू लागणारा माणूस. तो म्हणतो, आता मला हात लावू नका, मीच तुम्हाला वाट दाखवतो. आणि तिथला डोळस राजा त्याच्या मागून चालतो. 1983 मध्ये ब्रुकलिनला ली ब्रुअर आणि बॉब टेल्सन यांनी ‘द गॉस्पेल ॲट कोलोनस’ केलं. त्यात इडिपसचं गाणं ‘फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ या अंध गायकांच्या संचाने गायलं. एका पात्रासाठी सबंध मंडळी. चर्चमध्ये आयुष्यभर गाणाऱ्या या पट्टीच्या गवयांना पाहून कुणाला ‘जिद्द’ वगैरे शब्द सुचले नसतील. ते आपल्या कामात इतके मुरलेले होते की दयेला शिरायला फटच नव्हती.

शोकांतिकेचा साचा दिव्यांग नट आणि प्रेक्षक दोघांनाही सोयीचा आहे, हे मात्र फार थोडे दिग्दर्शक ओळखतात. वास्तववादी नाटकात अर्ध्या गोष्टी न बोलता घडतात: भुवई उंचावणं, पेला टेबलावर आपटणं. अंध प्रेक्षकाला ते सगळं हुकतं. ग्रीक नाटकात मुखवटा असल्यामुळे भुवईचा प्रश्नच नाही. डोंगरउतारावर हजारो माणसं बसलेली, शेवटच्या रांगेला चेहरा दिसणारच नाही, म्हणून जे घडतं ते बोललं जातं. नवं पात्र आलं की कोरस त्याचं नाव घेतो, तो कोणत्या अवस्थेत येतो आहे ते सांगतो. खून, आत्महत्या, डोळे फोडणं पडद्याआड होतं आणि दूत येऊन ते बारकाव्यांसकट वर्णन करतो. आज ज्याला ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ म्हणतात आणि ज्यासाठी वेगळं यंत्र, वेगळा निवेदक लागतो, ते या संहितांमध्ये मुळातच विणलेलं आहे. लंडनच्या ‘ग्रेयाई’ या मंडळीच्या कर्णबधिर दिग्दर्शिका जेनी सीली अनेक वर्षं हेच सांगत आल्या आहेत की सांकेतिक भाषा, वर्णन, उपशीर्षकं या सोयी प्रयोगाच्या कडेला चिकटवू नका, त्यांतूनच प्रयोगाचं सौंदर्य घडवा. 1980 मध्ये नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी स्थापन केलेल्या या मंडळीचं नावसुद्धा ग्रीक पुराणातलं: तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात असलेल्या बहिणी. अपंगांच्या मंडळीने स्वतःला हे नाव द्यावं, यात लिसिअसच्या त्या अशिलाची जात दिसते.

कोरसचंही तसंच. सोफोक्लिसच्या काळी पंधरा जण, सारे गावातले नागरिक, धंदेवाईक नट नव्हेत. एकत्र बोलायचं, एकत्र हलायचं. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या नटाला पानभर स्वगत पाठ करणं जड जात असेल, पण पंधरांच्या आवाजात आवाज मिसळणं, एका ओळीसाठी पुढे येणं, पुन्हा मागे जाणं यात तो बरोबरीचा असू शकतो. हे वाचून बरं वाटतं; पण इथेच नव्या बेटाची सोय होते. केट ओरायली यांचं ‘पीलिंग’ हे नाटक ‘ग्रेयाई’ने 2002 मध्ये केलं. ‘ट्रोजन विमेन’ या ग्रीक शोकांतिकेचा एक भव्य प्रयोग चालू आहे आणि कोरसमधल्या तीन दिव्यांग नट्या, अवजड झगे घालून, पार मागे उभ्या आहेत. आपली ओळ येईपर्यंत त्या कुचकुचतात, टोमणे मारतात, मूल होऊ द्यायचं की नाही यावर बोलतात. पुढे युद्धात मुलं मेलेल्या आयांचा आक्रोश, मागे अपंग मूल जन्मालाच येऊ नये म्हणणाऱ्या जगाशी या तिघींचा हिशेब. आपल्याला इथे यादीतला रकाना भरायला उभं केलं आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. कोरसमध्ये दहा दिव्यांग आणि बोलणाऱ्या तिन्ही भूमिका धडधाकटांना, अशी मंडळी स्वतःला सर्वसमावेशक म्हणवत असेल तर तिने आधी ‘पीलिंग’ वाचावं.

फिलॉक्टेटिसच्या शेवटाची अडचणही लपवू नये. निओप्टोलेमसचं मन पालटतं, तो धनुष्य परत करतो, फिलॉक्टेटिस तरीही ट्रॉयला जायला नकार देतो. नाटक खरं तर तिथेच संपायला हवं. पण हेराक्लिस अवतरतो आणि सांगतो: जा, तुझा पाय बरा होईल, मग तू पराक्रम गाजवशील. आधी बरा हो, मग तुला मान मिळेल. ही अट आजच्या कोणत्याही दिव्यांग माणसाला तोंडपाठ असते. काही दिग्दर्शक हा शेवट कापतात. मला ती पळवाट वाटते. शेवट ठेवावा आणि खटकू द्यावा. उपचार नाकारणाऱ्या माणसाला देवाच्या हुकमाने जहाजावर चढवतात, ते धनुष्याची गरज आहे म्हणून. हे प्रेक्षकाला बोचलं पाहिजे.

मधल्या झटक्याच्या प्रवेशाबद्दल थोडं सांगायला हवं. जखमेची कळ येते आणि फिलॉक्टेटिस किंचाळतो. सोफोक्लिसने ती किंचाळी लिहून ठेवली आहे: ‘प’च्या बाराखडीतली निरर्थक अक्षरं, एकामागोमाग एक, आणि ती अख्खी ओळ वृत्तात बसते. बाकीच्या संवादांचं जे वृत्त, तेच वेदनेच्या आवाजाचं. ज्या नटाच्या बोलण्यात शब्द आणि आवाज यांची सीमा पुसट असते, त्याला आपण ‘उच्चार स्पष्ट नाहीत’ म्हणून बाद करतो. इथे एका थोर नाटककाराने अस्पष्ट उच्चाराची ओळ मोजूनमापून रचली आहे. ती बेशिस्त ओरडण्याने होणार नाही, तालीमच लागेल.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. पितृहत्या, मातृगमन, मुलांचे खून: असले विषय बौद्धिक दिव्यांग नटांकडून करून घेणं म्हणजे त्यांचा वापर नाही का? त्यांना हे झेपेल का, कळेल का? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या ‘बॅक टू बॅक थिएटर’ने ग्रीक नव्हे तर आपल्या ओळखीच्या दैवताला घेऊन दिलं. 2011 च्या ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइख’मध्ये गणपती स्वस्तिक परत आणायला नाझी जर्मनीत जातो. त्या गोष्टीच्या आत दुसरी गोष्ट आहे: नटांच्या तालमी, आणि हे आपण करावं का, कुणाचा देव आपण घेतो आहोत, आपल्यातल्या कुणाला यातलं कळतंय आणि कुणाला नाही, यावरून त्यांची होणारी भांडणं. धडधाकट दिग्दर्शकाचं पात्र समजूतदारपणे सुरुवात करतं आणि हळूहळू गुंड होतं. हिंदू संघटनांनी तेव्हा आक्षेप घेतला होता आणि तो प्रश्न नाटकाच्या पोटातच होता. या मंडळीला 2022 चा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार आणि 2024 मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. संमतीचा प्रश्न दिग्दर्शकाच्या खोलीत बंद दाराआड सोडवायचा नसतो, तालमीत सगळ्यांदेखत मांडायचा असतो, हे त्यांनी दाखवलं. कुणी ‘मला हा प्रवेश नको’ म्हणालं, तर तो नकार ऐकला गेला पाहिजे. पण त्यांच्या वतीने आधीच नकार देऊन ठेवणं हीसुद्धा ओडिसियसचीच रीत झाली.

आपल्याकडे काय आहे? राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांग बालनाट्याचा वेगळा विभाग आहे. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन वर्षानुवर्षं नाटकं केली. ‘अपूर्व मेघदूत’ त्यांतलंच. कालिदासाच्या काव्यावरचा प्रयोग, दिसणाऱ्या ढगांचा, न पाहिलेल्या माणसांनी केलेला. म्हणजे अभिजात साहित्य दिव्यांग नटांना पेलत नाही, ही सबब मराठीत चालणार नाही. अडलं आहे ते पुढे. बालनाट्याच्या विभागात चमकलेलं मूल वीस वर्षांचं झाल्यावर कुठल्या नाटकाच्या ऑडिशनला जातं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कला आणि करमणुकीतल्या सहभागाचं स्वतंत्र कलम आहे. तरी अनेक नाट्यगृहांत रंगपटाकडे जाणाऱ्या वाटेवर पायऱ्याच पायऱ्या. प्रेक्षकाची व्हीलचेअर दारातून आत येईल इतपत विचार हल्ली होतो. नटाची व्हीलचेअर विंगेतून रंगमंचावर यावी, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातही नसतं. याउलट ग्रीसमधल्या एपिडॉरसला अस्क्लेपिअसच्या आरोग्यतीर्थावर इसवी सनपूर्व चौथ्या शतकात देवळांना दगडी उतरणी होत्या. त्या चालायला त्रास होणाऱ्या भाविकांसाठीच होत्या, असं संशोधक डेबी स्नीड यांनी 2020 मध्ये साधार मांडलं. सगळ्यांत प्रसिद्ध ग्रीक नाट्यगृह त्याच आवारात आहे.

खर्चाचं रडगाणं यानंतर येतंच. अथेन्समध्ये कोरसची तालीम, कपडे, मानधन यांचा भार एकेका श्रीमंत नागरिकावर टाकलेला असे. ती देणगी नव्हती, जवळजवळ करच होता. नगराची जबाबदारी म्हणून तो भरावा लागे. सांकेतिक भाषेचा दुभाषा, ब्रेल संहिता, नटाच्या सोबत्याचा प्रवासखर्च या गोष्टी आपण दात्याच्या मर्जीवर सोडतो. त्यामुळे दाता आटला की प्रयोग बंद आणि नट घरी. नेपथ्याचा खर्च कुणी दात्याच्या मर्जीवर सोडतं का?

तेव्हा मराठी नाट्यसंस्थांना सांगणं इतकंच. येत्या हंगामात ‘फिलॉक्टेटिस’ करायला घ्या; तीन नट, कोरस, एक गुहा, फार खर्चाचं नाटक नाही. ओडिसियससाठी दिव्यांग नट शोधा आणि तो नीच वठला नाही तर त्याला तसं तोंडावर सांगा. समीक्षकांनी ‘जिद्द’ हा शब्द लिहू नये. आणि तालमीची जागा ठरवण्याआधी त्या नटाला फोन करून विचारा की तिथे तो कसा पोचणार आहे. मजला दुसरा असेल आणि लिफ्ट नसेल, तर दुसरी जागा बघा.